‘ओरॅक’चा आकडा मोठा म्हणून औषध मोठं?

ओरेगॅनो, रोझमेरी, लवंग यांच्या अर्कांचा ‘ओरॅक’ आकडा (अँटिऑक्सिडंट ताकदीचं, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याच्या क्षमतेचं माप) प्रचंड, म्हणून ते म्हातारपण आणि कर्करोग रोखतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. ते सिद्ध झालेलं नाही. ओरॅक मोजतात परीक्षानळीत. पोटात गेल्यावर यांतली बरीचशी पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) फार थोडी शोषली जातात, आणि आतडं व यकृत त्यांचं रूपच बदलून टाकतात. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओरॅक यादी २०१२ मध्ये मागे घेतली. जाहिरातींत तो आकडा अजून फिरतो, याची चीड येते.

अर्क निरुपयोगी मुळीच नाहीत. रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल तेल लवकर खवट होऊ देत नाही. युरोपात हा अर्क ‘ई ३९२’ म्हणून खाद्यपदार्थांत वापरतात. स्वयंपाकात खुशाल घाला. केमोथेरपी सुरू असेल तर मात्र अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.