वाङ्निश्चय मोडला, कोर्ट भरलं: ‘ट्रायल बाय ज्युरी’ची पूर्वपीठिका

लग्नाचं वचन मोडलं तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये थेट दिवाणी दावा लागायचा. ‘ट्रायल बाय ज्युरी’ या विनोदी संगीतिकेचा विषय हाच. फिर्याद बहुधा मुलीकडून. तिची झालेली मानहानी, दुखावलेलं मन आणि हातचा गेलेला संसार यांची किंमत ज्युरीने पौंडांत ठरवायची. कादंबरीकार डिकन्सने १८३६-३७ मध्येच ‘पिकविक पेपर्स’मध्ये या प्रकाराची टर उडवली होती. त्याच्या बिचाऱ्या पिकविकला घरमालकिणीच्या गैरसमजापायी ७५० पौंडांचा भुर्दंड बसतो. तेव्हा अशा खटल्यांत खुद्द वादी-प्रतिवादींना साक्ष देण्याची मुभाच नव्हती. ती १८६९ च्या कायद्याने मिळाली, आणि ‘फसवली गेलेली’ वधू स्वतः साक्षीला उभी राहू लागली. कोर्टाचं नाटकघर व्हायला आणखी काय हवं?

विनोदी लेखक डब्ल्यू. एस. गिल्बर्टने मात्र या कायद्याच्या वर्षभर आधीच हा विषय हेरला होता. तो बॅरिस्टर होता. १८६३ मध्ये सनद मिळाली, पण अशील मोजकेच. पोट भरायचं ते ‘फन’ या विनोदी साप्ताहिकात लिहून. ११ एप्रिल १८६८ च्या अंकात त्याने पानभराची एक लुटुपुटूची संगीतिका छापली, ‘ट्रायल बाय ज्युरी’. न चाललेली वकिली अशी कामी आली.

१८७३ मध्ये संगीत-निर्माता कार्ल रोझासाठी त्याने ती वाढवली. वादी वधूचं काम रोझाची गायिका पत्नी युफ्रोसिनी पारेपा-रोझा करणार होती. जानेवारी १८७४ मध्ये ती वारली आणि संहिता बासनात गेली.

वर्षभराने रिचर्ड डॉयली कार्ट लंडनच्या रॉयल्टी थिएटरची व्यवस्था पाहत होता. संगीतकार ओफेनबाखच्या ‘ला पेरिकोल’ या संगीतिकेला जोड म्हणून त्याला एक छोटा खेळ हवा होता. गिल्बर्टकडे संहिता तयार होती. कार्टने त्याला संगीतकार आर्थर सलिव्हनकडे पाठवलं. या दोघांनी १८७१ मध्ये ‘थेस्पिस’ ही संगीतिका केली होती, पण पुढे जोडी जमली नव्हती. सलिव्हनने नंतर सांगितलेली आठवण अशी, की गिल्बर्ट वाचता वाचता स्वतःच्याच लेखनावर चिडत गेला आणि शेवटी वही फाडकन मिटली. सलिव्हन हसून बेजार झालाय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. काही आठवड्यांत संगीत बांधून झालं. २५ मार्च १८७५ ला पहिला प्रयोग लागला. जोडीला आणलेल्या या खेळाने मुख्य खेळालाच मागे टाकलं. रॉयल्टीत त्याचे १३१ प्रयोग झाले.

जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा हा खेळ. गद्य संवाद एकही नाही. सगळं गाण्यात, आणि तेही गंभीर ऑपेराच्या थाटात. वादी अँजेलिना लग्नाच्या पोशाखात, करवल्या घेऊन कोर्टात येते. प्रतिवादी एडविन तोड सुचवतो: आज हिच्याशी लग्न करतो, उद्या दुसरीशी. वकील म्हणतात, एका वेळी दोन बायका म्हणजे गुन्हा. मग तो भरपाई कमी व्हावी म्हणून आपण दारुडे आहोत, हिला मारझोड करू, असं सांगतो. न्यायाधीश म्हणतो, पाजून बघू या!

गिल्बर्टचा खरा डंख न्यायाधीशाच्या गाण्यात आहे असं मला वाटतं. अशील मिळेनात म्हणून आपण एका श्रीमंत वकिलाच्या वयस्क, कुरूप मुलीशी सूत जमवलं, सासऱ्याने कामं दिली आणि पैसा हाती येताच तिला सोडलं, हे तो भर कोर्टात ऐटीत सांगतो. आणि लगेच वचनभंगाचा खटला चालवायला घेतो. ज्युरीतले सद्गृहस्थही तरुणपणी असेच वागलेले. तोडगा काही निघत नाही, तेव्हा वैतागून न्यायाधीश स्वतःच वधूशी लग्न ठरवतो.

ही न्यायाधीशाची भूमिका गाजवली ती सलिव्हनच्या थोरल्या भावाने, फ्रेडने. तो जानेवारी १८७७ मध्ये अकालीच गेला. त्याच वर्षी कार्टने या दोघांची ‘द सॉर्सरर’ ही संगीतिका रंगमंचावर आणली आणि गिल्बर्ट-सलिव्हन ही जोडी पक्की झाली. वचनभंगाचे दावे मात्र इंग्लंडमध्ये बरेच रेंगाळले. ते १९७० च्या कायद्याने रद्द झाले. सनद असूनही कोर्टात फारसा न रमलेला गिल्बर्ट पुढे मदतनिधीच्या काही प्रयोगांत या कोर्टात हौसेने बसला, एकही ओळ नसलेला कारकून म्हणून.