बाईकवर गाणी वाजवायची तर आधी मल्टीमीटर काढा

हँडलवर बसवायच्या स्पीकरच्या खोक्यावर '२०० वॅट' असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा आकडा शक्य आहे का, हे कागदावरच कळतं. इंजिन चालू असताना बाईकच्या वायरिंगमध्ये साधारण १३.५ व्होल्ट असतात. आजचे बहुतेक अॅम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारे) असतात आणि आवाज न फाटता स्पीकरला जास्तीत जास्त तेवढंच शिखर-व्होल्टेज देऊ शकतात. साइन लहरीचं प्रभावी व्होल्टेज शिखराच्या ०.७ पट, म्हणजे सुमारे ९.५. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागलं की उत्तर येतं २२-२३ वॅट, तेही प्रत्येक चॅनेलला आणि अगदी टोकाला. याहून जास्त हवं तर व्होल्टेज चढवणारं वेगळं सर्किट लागतं आणि ते हातात घेतल्यावर जड लागतं. हलक्या खोक्यावरचे दोनशे वॅट छपाईपुरतेच.

वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. इकडे वाऱ्याचा हिशेब फार निर्दयी आहे. हेल्मेटवर आपटून निर्माण होणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाची तीव्रता वेगाच्या जवळपास सहाव्या घाताने वाढते. ताशी ६० किमीवरून ९० वर गेलं की सुमारे १०-११ डेसिबलची भर पडते. म्हणजे नुसत्या ३० किमीच्या वाढीला पुरे पडायला अॅम्प्लिफायर दहापट मोठा हवा.

त्यात हेल्मेट उलटं काम करतं. त्याचं कवच आणि आतला फोम वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवतात, खालच्या पट्टीतला फारसा नाही. गाण्याचे शब्द आणि झांजा वरच्या पट्टीत, तर वाऱ्याची घरघर खालच्या. जे ऐकायचं ते बाहेर राहतं आणि जे नको ते आत येतं. हँडलवरचे स्पीकर शहरातल्या वेगाला ठीक. ५०-६० च्या पुढे ते मुख्यतः आजूबाजूच्यांसाठी वाजतात.

म्हणून स्पीकर हेल्मेटच्या आत. ४० मिलिमीटरची चकती कानाच्या भोकासमोर एखाद्या सेंटिमीटरवर असली की वॅटचा प्रश्नच उरत नाही, तिथे मिलिवॅटही पुरतात. पण जागा अचूक लागते. तक्रार 'आवाज कमी आहे, बेस नाही' अशी असेल तर दहांपैकी नऊ वेळा स्पीकर कानाच्या मागे किंवा वर बसलेला असतो. गालाची गादी काढली की कानासाठी खोलगट कप्पा दिसतो, पण कप्प्याचा मध्य आणि तुमचा कान एकाच ठिकाणी असतीलच असं नाही. आधी स्पीकर नुसते वेल्क्रोवर अडकवा, हेल्मेट घालून पट्टा आवळा, गाणं लावा आणि हेल्मेट बोटांनी थोडं पुढे-मागे, वर-खाली सरकवून पाहा. ज्या बाजूला सरकवल्यावर आवाज एकदम भरतो, त्याच बाजूला स्पीकर तेवढे मिलिमीटर हलवायचे. कप्पा खोल असेल तर स्पीकरमागे फोमची चकती भरून तो कानाकडे आणा. मात्र कानाच्या पाळीवर दाबला गेला तर अर्ध्या तासात कान ठणकायला लागतो. जागा कमी पडते म्हणून आतला थर्माकोलसारखा कडक थर कोरायचा नाही, म्हणजे नाहीच. डोकं वाचवायचं काम तोच थर करतो.

कानात फोमचे बोळे घालून त्यावर हेल्मेटचे स्पीकर लावले तर गाणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. हे आधी पटत नाही. बोळे वारा आणि गाणं दोन्ही कमी करतात, पण कान आता दडपणाखाली नसतो. ऐकण्याच्या सुरक्षिततेचा एक रूढ हिशेब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. मोठ्या रस्त्याच्या वेगाला हेल्मेटमधला नुसता वाराच या शेवटच्या आकड्यांच्या आसपास जातो. त्यावर गाणं चढवायला गेलं की कानाचं नुकसान ठरलेलंच. कानात इअरफोन घालून चालवण्याबद्दल कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, ते आधी पाहून घ्या. आणि हॉर्न ऐकू येत नसेल तर आवाज जास्त झालाय, कायदा काहीही म्हणो.

आता वीज. हेल्मेटमधल्या ब्लूटूथ संचाची स्वतःची छोटी बॅटरी असते. बाईककडून खरी मागणी येते ती फोनची. नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळलेला, वर ऊन. ५ वॅटचा चार्जर लावूनही टक्के उतरतच जातात. १० वॅट हे किमान, १८ वॅट आरामाचे. बाईककडे तेवढी शिल्लक आहे का?

अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचा, छापील आकडा साधारणपणे मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपासचा असतो. सिग्नलला उभं असताना उत्पादन त्याहून बरंच कमी असतं आणि नेमक्या त्याच वेळी हेडलाइट, ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब आणि इंडिकेटर सगळे चालू असतात. माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि मल्टीमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा. इंजिन बंद असताना भरलेली लेड-अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. गाडी आयडलवर ठेवून हेडलाइट, ब्रेक आणि फोनचा चार्जर एकदम चालू करा. वाचन १३ च्या वर असेल तर निश्चिंत. १२.८ च्या खाली घसरत असेल तर त्या क्षणी बॅटरीतून वीज जातेय. रस्ता मोकळा असेल तर पुढच्या वेगात ती भरून निघते, रोज गर्दीतूनच जायचं असेल तर निघत नाही. जादा भार देऊन फेऱ्या वाढवल्यावरही १३.८ ते १४.५ ची पातळी गाठली जात नसेल तर नवं काही जोडण्याआधी चार्जिंगचीच तपासणी हवी.

एक गंमत: बऱ्याच बाईकमध्ये शंट पद्धतीचा रेग्युलेटर असतो. तो नको असलेली वीज कॉइल शॉर्ट करून उष्णतेत घालवतो, म्हणून तर त्याला पंख असतात. अशा गाडीत मध्यम वेगाला फोनसाठी घेतलेले १०-१५ वॅट जवळजवळ फुकटच पडतात.

जोडणीची वायर थेट बॅटरीवरून आणायची, हेडलाइटच्या तारेतून नाही. काही लहान बाईकमध्ये हेडलाइट कॉइलच्या एसीवर चालतो आणि तिथे चार्जर लावला तर तो लुकलुकत राहतो किंवा जळतो. चावी काढून आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला तर ठिणगी उडते. पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त १५ सेंटिमीटरवर फ्यूज. फ्यूज चार्जरला वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे फ्यूजच्या अलीकडचा प्रत्येक सेंटिमीटर बिनसंरक्षित राहतो. फक्त १८ वॅटचा चार्जर असेल तर ओढ साधारण १.६ अँपिअर, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर आणि ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज पुरे. दोन चॅनेलचा छोटा अॅम्प्लिफायरही त्याच लाइनवर असेल तर दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि साडेसातचा फ्यूज घ्या.

फ्यूजनंतर रिले, म्हणजे थोड्या विजेने मोठी वाट चालू-बंद करणारा स्विच, चार पायांचा. ३० नंबरवर बॅटरीची वायर, ८७ वरून चार्जरकडे, ८५ निगेटिव्हला आणि ८६ ला चावी फिरवल्यावरच वीज येणारी एखादी तार, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची. ती तार खरोखर डीसी आहे का हे मल्टीमीटरने पाहून मगच धरा. रिलेची कॉइल फक्त ०.१५ अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे मूळ वायरिंगवर ताण येत नाही. कॉइलला समांतर एक १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीचं टोक ८६ कडे. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते तो त्यात जिरतो. डायोड उलटा बसला तर चावी फिरवताच मूळ फ्यूज उडेल. ज्या बाईकमध्ये कॅन बसवर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या जाळ्यावर) दिव्यांची देखरेख होते तिथे दिव्याची तार न छेडता कंपनीने दिलेला अॅक्सेसरी कनेक्टरच वापरावा, नाहीतर डॅशबोर्डवर दोषाचे दिवे लागतात.

जोड क्रिम्प करून (धातूची टोपी पकडीने दाबून) द्या, सोल्डर नको. सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने वायर बरोबर त्या कडेला तुटते. हँडलकडे जाणाऱ्या वायरला मानेपाशी सैल वळसा ठेवा आणि केबल टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहा.

'चार्जर चांगला आहे, तरी फोन हळू चार्ज होतो' याचं कारण बहुतेक वेळा शेवटच्या एका मीटरमध्ये असतं. स्वस्त यूएसबी केबलमधली वीजवाहक तार २८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) असेल तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम, जायला आणि यायला मिळून ०.४२. दोन अँपिअर वाहिले की ०.८ व्होल्टहून जास्त वाटेतच गळतात आणि ५ ऐवजी ४.१-४.२ व्होल्ट फोनपर्यंत पोहोचतात. फोन ते पाहून ओढ कमी करतो. २४ गेजच्या तारेत हीच गळती ०.३४ राहते. १२ व्होल्टच्या बाजूला मात्र दोन मीटर लांबीच्या चांगल्या वायरीत ०.२ व्होल्ट गेले तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण चार्जर उरलेल्यातून नेमके ५ व्होल्ट बनवतो. म्हणून लांब अंतर १२ व्होल्टने कापा, चार्जर हँडलपाशी बसवा आणि यूएसबीची केबल ३० सेंटिमीटरच ठेवा. चार्जर घेताना इनपुट '१२-२४ व्होल्ट' लिहिलेला घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल झालं तर लाइनचं व्होल्टेज क्षणात उसळतं, आणि फक्त १२ व्होल्टपुरते बनवलेले चार्जर तिथेच मरतात.

हँडलवरचे स्पीकर वायरने जोडलेत आणि एक्सिलरेटर पिळल्याबरोबर गाण्यामागे 'कुंईं' असा सूर चढू लागला, तर तो अल्टरनेटर. १२ ध्रुवांचा तीन फेजचा अल्टरनेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ३०० हर्ट्झचा एसी देतो. एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेल्यावर त्याची लहर सहापट, १८०० हर्ट्झची होते. कान नेमका याच भागात तल्लख असतो. तो सूर शिरतो कुठून हे शोधायला फोनची चार्जिंग पिन काढा. सूर गेला तर दोष अर्थच्या फेऱ्याचा: चार्जर आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या जागी अर्थ झालेत आणि त्या दोन जागांमधला काही मिलिव्होल्टचा फरक ऑक्स वायरच्या (फोनमधलं गाणं अॅम्प्लिफायरकडे नेणाऱ्या वायरच्या) कवचातून गाण्यात मिसळतोय. दोघांचे निगेटिव्ह एकाच लगवर (वायर जोडायच्या धातूच्या कडीवर) आणा; तेवढ्यानं भागलं नाही तर ऑक्स वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा अर्थचा फेरा तोडणारी डबी) टाका, किंवा सरळ ब्लूटूथ वापरा. पिन काढूनही सूर राहिला तर तो अॅम्प्लिफायरच्या वीजवाटेनं येतोय; तिथे कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर लागतो.

ब्लूटूथवर गाणं एकाएकी टेलिफोनसारखं किरटं झालं तर स्पीकर बिघडलेला नसतो. कॉलसाठी किंवा आवाजी आज्ञेसाठी माइक उघडला गेलाय आणि जोडणी संगीताच्या पद्धतीवरून संभाषणाच्या पद्धतीवर गेलीय. माइक बंद केला की पूर्ववत.

पावसात यूएसबीचं झाकण उघडं राहिलं आणि लाइनमध्ये वीज असली की पिना काही दिवसांत हिरव्या पडतात. सॉकेटचं तोंड खाली ठेवा. वायर वरून येत असेल तर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं.

फोन हँडलवर बसवायचा तर कंपन शोषणारा माउंट घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने जाहीर सूचना देऊन सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटारसायकल इंजिनांच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते. अशी हलती भिंग असलेले दुसरे फोनही त्याला अपवाद नाहीत. उन्हाचा प्रश्न वेगळा: लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून फोन तापला की चार्जिंग आपणहून मंदावतं. काळी जलरोधक पिशवी फोन फार लवकर तापवते. भर उन्हात फोन खिशात आणि रस्ता कानातून ऐकणं, हेच बरं.

शेवटी चावी बंद असतानाची गळती मोजा. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मालिकेत लावा. या अवस्थेत चावी फिरवायची नाही. स्टार्टरचं बटण चुकून दाबलं गेलं तर मीटरचा फ्यूज उडालाच. रिले नसलेला, व्होल्टमीटरचे लाल आकडे चमकवणारा चार्जर इथे सहज २० मिलिअँपिअर दाखवतो. दिवसाला ०.४८ अँपिअर-तास, ५ अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसांत निम्मी. वाचन ४-५ मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर नव्या लाइनचा फ्यूज काढून पुन्हा पाहा: आकडा पडला तर दोष तुमच्या जोडणीत, तसाच राहिला तर गाडीत आधीपासून.