ई-कचऱ्यातील मौल्यवान धातूंची पुनर्प्राप्ती

निकामी मोबाइल, संगणक आणि तत्सम उपकरणांतून सोने, चांदी, पॅलेडियम असे धातू वेगळे काढून ते पुन्हा वापरता येतील इतके शुद्ध करण्याची प्रक्रिया. सोने गंजत नसल्याने सर्किट बोर्डाच्या जोडण्यांवर त्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. पॅलेडियम मुख्यतः सिरॅमिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या भागांत, आढळते. एका उपकरणातले सोने मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते. तरीही खाणीतील एक टन खनिजातून जेथे अनेकदा जेमतेम काही ग्रॅम सोने मिळते, तेथे एक टन मोबाइलमध्ये ते 200 ते 300 ग्रॅमच्या आसपास असू शकते. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी 2017 ते 2019 या काळात जपानने गोळा केलेल्या जुन्या उपकरणांतून सुमारे 32 किलो सोने आणि 3,500 किलो चांदी मिळाली.

पहिली पायरी हाताने सुटे करण्याची असून तिला कमी लेखणे महागात पडते, कारण सगळे उपकरण सरसकट यंत्रात भरडल्यास सोन्याचा काही अंश धूळ, प्लॅस्टिक आणि लोखंडाबरोबर निघून जातो. वेगळे काढलेले बोर्ड बेल्जियममधील होबोकेन येथील युमिकोरसारख्या कारखान्यांत भट्टीत वितळवले जातात. तेथे बोर्डातील प्लॅस्टिक काही अंशी इंधनाचे काम करते आणि वितळलेले तांबे मौल्यवान धातू आपल्यात सामावून घेते. अशा तांब्याचे विद्युत अपघटनाने शुद्धीकरण करताना सोने, चांदी व पॅलेडियम धनाग्राखाली (धन विद्युत टोकाखाली) गाळ म्हणून साचतात आणि पुढे एकेक करून वेगळे केले जातात. दुसऱ्या पद्धतीत सोने आम्लराजात, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक व एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवून पुन्हा अवक्षेपित करतात, म्हणजे घनरूपात द्रावणाबाहेर काढतात.

भारतात हे काम प्रामुख्याने असंघटित क्षेत्राच्या हाती राहिले आहे. दिल्लीतील सीलमपूरला उपकरणे सुटी होतात, तर पितळकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मुरादाबादमध्ये बोर्ड उघड्यावर जाळून, राख धुऊन आणि आम्लात बुडवून धातू काढण्याचा व्यवसाय वाढला. यात शिशाची वाफ व डायऑक्सिन ही विषारी रसायने कामगारांच्या श्वासात जातात, वापरलेले आम्ल जमिनीत आणि नदीत मुरते, शिवाय सोन्याचा बराच भाग हातीही लागत नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टे घातली आणि नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेण्याची व्यवस्था केली. मात्र दारोदारी फिरून माल जमवणारा भंगारवालाच असल्याने, तो अधिक भाव देणाऱ्याकडे वळतो तोवर परवानाधारक कारखान्यांना पुरेसे बोर्ड मिळणे कठीणच आहे.