हॉट न्यूक्लियस म्हणजे तापलेलं अणुकेंद्रक

दोन जड अणुकेंद्रकं जोरात आदळून एकजीव झाली की जो गोळा बनतो त्याला हॉट न्यूक्लियस म्हणतात. टकरीची ऊर्जा आतल्या सगळ्या प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये वाटली जाते आणि मग गोळा कसा बनला होता याचा पुढे कसा फुटणार याच्याशी फारसा संबंध राहत नाही, ही कंपाउंड न्यूक्लियसची कल्पना नील्स बोर यांची, 1936 ची. तापमान एमईव्हीमध्ये (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, खरं तर ऊर्जेचं एकक) सांगतात, 1 एमईव्ही म्हणजे साधारण 1160 कोटी केल्विन, सूर्याच्या गाभ्यात दीड कोटीच्या आसपास असतं बघा. 150 कणांच्या केंद्रकात 60 एमईव्ही जादा ऊर्जा कोंबली तरी तापमान जेमतेम 2 एमईव्हीला पोचतं.

वाशी-नेरूळकडच्या पोरांना अशी केंद्रकं बनवायचं काम बघायला जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत जायची गरज नाही, हार्बर लाइनने सीएसएमटी गाठायचं आणि पुढे बसने कुलाबा, तिथे टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) च्या आवारात बीएआरसी (भाभा अणु संशोधन केंद्र) आणि टीआयएफआरचं मिळून 14 एमव्हीचं (1 कोटी 40 लाख व्होल्टचं) पेलेट्रॉन, म्हणजे आयनांना वेग देणारं यंत्र, 1988 पासून आहे. त्यात ऋण आयन मधल्या धन व्होल्टेजच्या टर्मिनलकडे खेचले जातात, तिथे पातळ कार्बन फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन सोलून निघतात, आयन धन होतात आणि तेच व्होल्टेज त्यांना परत पुढे ढकलतं, म्हणजे एका व्होल्टेजची दोनदा वसुली, एकदम भारी डोकं. पुढे सुपरकंडक्टिंग लिनॅकही (सरळ रेषेत आणखी वेग देणारं यंत्र) जोडलाय.

आता थंड होणं. जड केंद्रकातून जास्त करून न्यूट्रॉनच सुटतात कारण प्रोटॉन आणि अल्फा कणाला (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा गट) बाहेर पडताना विद्युतभाराची भिंत आडवी येते. एक न्यूट्रॉन बांधणीचे साधारण 8 आणि स्वतःच्या वेगाचे दोनचार एमईव्ही घेऊन जातो, म्हणजे वरच्या 60 मध्ये चारपाच न्यूट्रॉन आणि शेवटी उरलंसुरलं गॅमा किरणांतून. फारच जड असेल तर बऱ्याचदा सरळ दोन तुकडे, फिशन. थर्मामीटर आत घालता येत नाही, म्हणून सुटलेल्या कणांच्या ऊर्जेचा आलेख किती उतरता आहे त्यावरून तापमान काढतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

ऊर्जा वाढवत गेलं तर तापमान वाढतच जाईल असं वाटतं ना? नाही. टपरीवरचं पाणी उकळायला लागलं की गॅस मोठा करूनही 100 च्या वर जात नाही, तसंच काहीसं जर्मनीतल्या जीएसआय या प्रयोगशाळेत सोन्याची केंद्रकं एकमेकांवर आदळवून 1995 ला दिसलं, तापमान 5 एमईव्हीच्या आसपास अडकलं आणि जादा ऊर्जा केंद्रकाचे बरेच छोटे तुकडे करण्यात गेली. याला मल्टिफ्रॅग्मेंटेशन म्हणतात. हे खरंच द्रव-वायू बदलासारखं आहे का यावर मात्र पुढे बरीच वर्षं वाद चालला, कारण दोनचारशे कणांच्या गोळ्याला पाण्याचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत.