व्ही४एल२ बफर फ्लॅग बदलायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि तपासणी

लिनक्स कर्नलमध्ये कॅमेरा किंवा व्हिडिओ डीकोडरशी बफरची (डेटा तात्पुरता ठेवायच्या मेमरीतल्या जागेची) देवघेव व्ही४एल२ (व्हिडिओ फॉर लिनक्स २) या इंटरफेसमधून चालते. प्रत्येक बफरसोबत ३२ बिटांचं फ्लॅग्जचं फील्ड असतं. बफर रांगेत आहे (क्यूड), काम होऊन तयार आहे (डन), डेटा बिघडलेला असू शकतो (एरर), अशा खुणा त्यात असतात. त्यात बदल सुचवायचा तर पॅच, म्हणजे कोडमधला नेमका फरक, ईमेलने पाठवावा लागतो.

पात्रता: कोणीही पाठवू शकतं. शुल्क नाही, सदस्यत्व नाही. मात्र ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ हवीच. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, असं तुम्ही त्या ओळीत लिहून देता. निनावी पॅच चालत नाही. पूर्वी खरंच नाव लागे. २०२३ पासून लोक ज्या नावाने ओळखतात तेही चालतं.

कागदपत्रं: बदल ‘का’ याचं उत्तर देणारा कमिट मेसेज (बदलासोबतची टीप), चेकपॅच या कोडची शैली पाहणाऱ्या स्क्रिप्टची स्वच्छ तपासणी आणि जुनी चूक दुरुस्त करत असाल तर मूळ कमिटच्या हॅशचे (ओळखक्रमांकाचे) किमान १२ अंक-अक्षरं देणारी ‘फिक्सेस’ ओळ. फ्लॅग नवा असेल तर कोडइतकंच दस्तऐवजीकरणही लागतं. लोक नेमकं तेच शेवटी उरकतात आणि पॅच तिथेच अडकतो. सोबत व्ही४एल२-कंप्लायन्स या ड्रायव्हर तपासणाऱ्या साधनाचा निकाल जोडा. हार्डवेअर हाताशी नसेल तर व्हिव्हिड हा आभासी ड्रायव्हर वापरा.

कुणाला पाठवायचं हे गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. ईमेल साध्या मजकुरात, विषयाच्या सुरुवातीला ‘मीडिया:’.

तपासणारे सर्वाधिक वेळ घालवतात तो अर्थावर. फ्लॅग कोण लावतं, ॲप की ड्रायव्हर? तो कधी पुसला जातो? ड्रायव्हरने लावायचा फ्लॅग ॲपने पाठवला तर व्हिडिओबफ२ (बफर सांभाळणारा कर्नलमधला सामायिक कोड) तो मास्कने काढून टाकतं का? दोन फ्लॅग एकत्र आले तर काय? क्यूड आणि डन एकाच वेळी असू शकत नाहीत, आणि दोन्ही नसतील तर बफर ॲपच्या ताब्यात असतो, हे नियमावलीत स्पष्ट आहे. नव्या फ्लॅगबद्दल इतकं नेमकं लिहिता येत नसेल तर पॅच अजून कच्चा आहे. ही कटकट रास्तच म्हणायची. फ्लॅग ज्यात लिहिलेले असतात ती हेडर फाइल ॲप्स थेट वापरतात, त्यामुळे एकदा आत गेलेल्या बिटाचा अर्थ सहसा बदलता येत नाही.

शेरे आले की सुधारित पॅच ‘व्ही२’ म्हणून पाठवा. काय बदललं ते पॅचमधल्या तीन रेघांच्या (---) ओळीखाली लिहा, म्हणजे ते कायमच्या नोंदीत जात नाही. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करा.