मिडवाइफ केंद्रातलं बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ?

‘डॉक्टर नाही तिथं बाळंतपण म्हणजे जिवाशी खेळ,’ असं इंग्लंडमधल्या लेकीसुनांना हमखास ऐकवलं जातं. काळजी रास्तच. पण तिथल्या मिडवाइफ, म्हणजे सुईणी, प्रशिक्षित, नोंदणीकृत असतात आणि त्या चालवतात ती ही केंद्रं बिनगुंतागुंतीच्या बाळंतपणांसाठीच आहेत: एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, बीपी ठीक.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात अशी ६४ हजारांवर बाळंतपणं तपासली. हॉस्पिटलच्या तुलनेत केंद्रांत बाळांचा धोका वाढलेला दिसला नाही. सिझेरियन मात्र कमी झाली.

एक खरं, पहिलटकरणींपैकी दहात जवळपास चौघींना हॉस्पिटलात हलवावं लागलं, बरेचदा प्रसूती रेंगाळली म्हणून. एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शनही केंद्रात मिळत नाही. तेव्हा नाव नोंदवण्याआधी विचाराच: इथून किती जणींना हलवता? ॲम्ब्युलन्सनं किती मिनिटं लागतात?