सशर्त संभाव्यता आणि लागोपाठच्या सोडती

एखादी गोष्ट घडलीये हे कळल्यावर दुसऱ्या गोष्टीची शक्यता किती उरते, त्या आकड्याला सशर्त संभाव्यता म्हणतात. सूत्र सोपंय, अ आणि ब दोन्ही घडण्याची संभाव्यता घ्यायची आणि तिला ब च्या संभाव्यतेनं भागायचं (ब ची शून्य नको, नाहीतर भागणार कशाने). ब कळूनही अ चा आकडा जागचा हलला नाही तर त्या घटना स्वतंत्र, आणि मग दोन्ही घडण्याची संभाव्यता नुसत्या गुणाकाराने मिळते. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण आहे पण ते फासे-नाणी-पत्ते इथपर्यंतच, ही शर्तीची भानगड अकरावीला येते.

पुण्यात हे समजून घ्यायला भिशी बेस्ट. समजा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात १२ जणींची भिशी आहे, दरमहा प्रत्येकी २००० रुपये, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिला २४,००० एकरकमी. डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, त्या हलवायच्या, घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलायला सांगायची, आणि निघालेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही, ती फाडून टाकतात. लवकर नंबर लागला की बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखं आणि शेवटी लागला तर नुसती बचत, त्यामुळे कुणीतरी म्हणतंच, "अगं पहिल्या महिन्यालाच खरा चान्स असतो, नंतर काय उरतं!" आणि दुसरी म्हणते की उलट, नंतर चिठ्ठ्या कमी उरतात म्हणून चान्स वाढतो.

दोघी अर्ध्या बरोबर आहेत. तिसऱ्या महिन्यात आपलं नाव निघायचं तर पहिल्या महिन्यात निघता कामा नये (११/१२), दुसऱ्यातही नाही (उरलेल्या ११ पैकी १०, म्हणजे १०/११), आणि तिसऱ्यात निघायला हवं (१/१०). गुणाकार करा, ११ ला ११ कटतात, १० ला १० कटतात, उरतं १/१२. कुठलाही महिना घ्या, हेच उत्तर येतं, अगदी बाराव्याचंही. म्हणजे भिशी सुरू होताना सगळे महिने सारखेच, पुढेमागे कुणावर अन्याय नाही. पण तीन महिने झाले आणि आपलं नाव आलं नाही हे एकदा *कळलं* की चौथ्या महिन्याचा आकडा १/९ होतो, आणि अकरा नावं निघून गेल्यावर बारावीला तर चिठ्ठी उघडायचीही गरज नाही. डब्यातल्या चिठ्ठीला काहीच झालेलं नसतं, आपल्याकडे माहिती जास्त आली एवढंच. एक गंमत अजून, ही माहिती मागेही चालते: दुसऱ्या महिन्यात शेजारच्या काकूंना भिशी लागली एवढंच कानावर आलं तर पहिल्या महिन्यात आपल्याला लागली असण्याची शक्यता १/१२ वरून १/११ होते. आधीच्या सोडतीवर नंतरच्या सोडतीचा परिणाम कसा होईल असं वाटतं, पण परिणाम होतच नाहीये, हिशोब फक्त माहितीचा आहे.

आता हाच डबा, पण निघालेली चिठ्ठी दर महिन्याला परत टाकायची. मग प्रत्येक महिन्याला १/१२, आधी काहीही झालेलं असो, सोडती स्वतंत्र. अशा भिशीत कुणाला दोनदा लागेल आणि कुणाला वर्षभर लागणारच नाही, हे दुसरं होण्याची शक्यता (११/१२) चा बारावा घात, साधारण ३५ टक्के, म्हणून अशी भिशी कुणी लावत नाही.

लोकांचा खरा घोळ होतो तो "इतका वेळ आला नाही म्हणजे आता येणारच" या वाक्यात. सोसायटीच्या गणपतीत हाउजी चालते तेव्हा हे वाक्य निदान अर्धं बरोबर असतं: ९० आकडे, एकदा पुकारलेला परत येत नाही, ६० आकडे होऊन गेले आणि तुमचा ७ अजून आला नसेल तर पुढचा आकडा ७ असण्याची शक्यता सुरुवातीच्या १/९० वरून १/३० झालेली असते. तेच वाक्य सापशिडीत साफ चुकीचं. दहा वेळा फासा टाकून सहा पडला नाही (असं १६ टक्के वेळा होतंच, फार काही विशेष नाही) तरी अकराव्या वेळी १/६ च, फाशाला मागचं काही आठवत नसतं. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर (फिरत्या चाकावरची गोळी लाल खान्यात पडते की काळ्या, यावर पैसे लावायचा जुगार) लागोपाठ २६ वेळा काळा आला आणि आता लाल येणारच म्हणून लोक पैसे लावत गेले, बुडत गेले. ते रुलेटला हाउजी समजत होते.

विद्यार्थी अजून एक गल्लत करतात, दोन गोष्टी एकत्र घडूच शकत नाहीत म्हणजे त्या स्वतंत्र असं समजतात. उलटंय. पहिल्या महिन्यात आपल्याला लागली तर दुसऱ्यात आपल्याला लागणं अशक्य, म्हणजे एक कळलं की दुसरीचा आकडा थेट शून्य, याहून जास्त अवलंबून काय असणार?

इतिहास थोडक्यात: पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा संभाव्यतेवरचा पत्रव्यवहार १६५४ चा, द मॉयव्हरने स्वतंत्र घटनांची व्याख्या १७१८ मध्ये नीट मांडली, बेजचा सशर्त संभाव्यतेवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ ला छापला गेला, आणि आज शिकवतात तो पक्का पाया कोल्मोगोरोव्हने १९३३ ला घातला.

सर्वेक्षण करणाऱ्यांना मात्र हा सगळा फरक सहसा सोडून देता येतो. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती, त्यातून १००० माणसं निवडताना निवडलेलं नाव परत यादीत टाकलं काय न टाकलं काय, आकडे जवळपास तेच येतात. १२ चिठ्ठ्यांत जाणवतं ते लाखांत जाणवत नाही.

आणि हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या हव्यात. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीचा क्रम ठरवायला जन्मतारखांच्या ३६६ कॅप्सूल काचेच्या बरणीतून काढल्या. त्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि पुरेशा ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर जास्त करून आधी लागले. पुढची सोडत १ जुलै १९७० ला झाली तेव्हा एका ड्रममध्ये तारखा ठेवल्या, दुसऱ्यात क्रमांक, आणि दोन्हीतून एकेक काढून जोड्या लावल्या.